बर्निंग मॅनमधले फोटो – कॅमेरा कधी काढायचा आणि कधी पिशवीत ठेवायचा?

रानवाट | ६ जुलै, रात्री १०.२०

मंडळी, ऑगस्टअखेर जवळ येतेय. गेल्या महिन्याभरात चार जणांनी मला विचारलं की बर्निंग मॅनला कॅमेरा कुठला न्यावा आणि धुळीचं काय करावं. त्याबद्दल खाली बोलूच. पण मला स्वतःला २०१८ पासून एक प्रश्न छळतोय, म्हणून मुद्दाम धागा काढला.

ज्यांना काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं. अमेरिकेत नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात, एका आटलेल्या प्राचीन सरोवराच्या सपाट तळावर, लेबर डेच्या (सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीच्या) आधीच्या आठवड्यात कलामहोत्सवासाठी सत्तर-ऐंशी हजार माणसांचं गाव वसतं आणि आठवड्याभरात उठतं. या तळालाच सगळे ‘प्लाया’ म्हणतात. सुरुवात १९८६ ची: सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स यांनी आठेक फुटांचा लाकडी माणूस जाळला. १९९० मध्ये ते सगळं वाळवंटात आलं. आत बर्फ सोडला तर जवळपास काहीच विकत मिळत नाही. वस्तीची आखणी घड्याळासारखी आहे. दोनपासून दहापर्यंतच्या कमानीत तंबू, मधोमध तो लाकडी माणूस म्हणजे ‘मॅन’, आणि बाराच्या दिशेला मोकळ्या मैदानात टेम्पल. मॅन शनिवारी रात्री जळतो, टेम्पल रविवारी.

हे टेम्पल कुठल्या देवाचं नाही. २००० साली डेव्हिड बेस्ट यांनी पहिलं बांधलं. त्यांच्या गटातला एक तरुण मित्र मोटरसायकलच्या अपघातात गेला होता. लोक त्या लाकडावर आपापल्या गेलेल्या माणसांची नावं लिहू लागले आणि ती रीत पडली. आता दरवर्षी नवं टेम्पल उभं राहतं. माणसं तिथे पत्रं, फोटो, कपडे, कधी अस्थी ठेवून जातात. मॅन जळताना ढोल आणि आरोळ्या असतात. टेम्पल जळताना हजारो माणसं जमिनीवर बसलेली असतात आणि तुम्हाला लाकूड तडकल्याचा आवाज ऐकू येतो.

२०१८ चं टेम्पल ‘गॅलॅक्सिया’ होतं, आर्थर मामू-मानी यांचं. वीस लाकडी कैच्या पीळ घेत वर एका बिंदूला मिळत होत्या. मी गुरुवारी पहाटे गेलो. सव्वासहाच्या सुमाराला सूर्य वर आला आणि उन्हाच्या पट्ट्या फळ्यांमधून आडव्या आत शिरल्या. माझ्याकडे ७०-२०० ची झूम लेन्स होती. पंचवीस-तीस फुटांवर एक साठीचा गृहस्थ एका खांबाला चौकड्यांचा शर्ट घालत होता. नुसता अडकवून ठेवत नव्हता. त्यानं शर्ट खांबाभोवती नेला आणि खालपासून वरपर्यंत एकेक बटण लावलं. सावकाश, लहान मुलाला शाळेसाठी तयार करावं तसं. मग कॉलर सरळ केली. मग दोन्ही तळवे शर्टावर ठेवून उभा राहिला.

मी तीन फ्रेम घेतल्या. तिसरीत ऊन बरोबर त्याच्या बोटांवर आहे.

टेम्पलमध्ये स्वयंसेवक असतात, त्यांना गार्डियन म्हणतात. त्यांच्यातली एक बाई माझ्या शेजारी येऊन बसली. रागावली नाही. हळूच विचारलं, “तुम्ही ओळखता का त्यांना?” मी नाही म्हटलं. ती म्हणाली, “मीही नाही,” आणि तशीच बसून राहिली. मी कॅमेरा पिशवीत घातला. तो माणूस निघून गेला, मी त्याच्यामागे गेलो नाही. जायला हवं होतं का, तेही मला आजवर कळलेलं नाही.

फोटोत त्याचा चेहरा नाही. पाठ, हात आणि शर्ट एवढंच दिसतं. मी आजवर काढलेल्यातला तो सर्वांत चांगला फोटो आहे, हे मी मनापासून सांगतो. मी तो कुठेही टाकलेला नाही, कुणाला दाखवलेला नाही. मात्र एक प्रिंट काढून कपाटात ठेवली आहे. २०२२ ला पुन्हा गेलो तेव्हा टेम्पलमध्ये कॅमेरा घेऊन पाऊलच टाकलं नाही.

तुम्ही काय केलं असतं? आणि त्या फोटोचं आता काय करू?

नवखा_वाटाड्या | ६ जुलै, रात्री ११.०५

रानवाट दादा, वाचून गप्प झालो. मी यंदा पहिल्यांदा जातोय, तिकीट हातात आहे. तुमच्या प्रश्नावर बोलायचा माझा अधिकार नाही, वाचत राहतो. फक्त कॅमेऱ्याचं कुणी सांगेल का? माझ्याकडे एक मिररलेस कॅमेरा, २४-७० ची झूम आणि ३५ ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स आहे. फोनवर भागेल का?

काळवीट | ७ जुलै, सकाळी ७.४०

नवखा, ३५ लाव आणि परत येईपर्यंत काढू नकोस.

हे गमतीनं म्हणत नाही. प्लायाची धूळ वाळूसारखी खरखरीत नाही, पिठासारखी मऊ आहे आणि अल्कधर्मी आहे. अनवाणी फिरलं की टाचा चिरतात, लोक व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं पाय धुतात. तीच धूळ लेन्सच्या कड्यात आणि बटणांच्या खाचांत जाते. ज्या झूम लेन्सची नळी पुढे-मागे सरकते ती प्रत्येक वेळी भात्यासारखी हवा आत ओढते, आणि हवेबरोबर पीठ. माझी एक झूम तिसऱ्या दिवशी फिरेनाशी झाली. घरी आल्यावर कारागिरानं उघडली तर आतून पांढरी.

तंबूत लेन्स बदलता येईल असं वाटेल. तंबूत बाहेरच्याइतकीच धूळ असते, फक्त ती खाली बसलेली असते. अगदीच बदलायची वेळ आली तर काचा बंद असलेल्या गाडीत, एसी बंद करून, बॉडीचं तोंड खाली धरून बदल. दोन लेन्स हव्याच असतील तर दोन बॉडी ने, जुनी असली तरी चालेल.

निघण्याआधी घरीच सांध्यांवर, पोर्टच्या झाकणांवर, न लागणाऱ्या बटणांवर कापडी गॅफर टेप लाव. साधी चिकटपट्टी उन्हात वितळून चिकट राड होते. पुढे यूव्ही फिल्टर. धूळ बसली की आधी रबरी फुग्यानं हवा मार, मग मऊ ब्रश, आणि कापड अगदी शेवटी. कापडानं थेट पुसलंस की काचेवर घासकागद फिरवल्यासारखं होतं. सेन्सरला तिथे हात लावू नकोस.

फोनवर भागतं, पण चार्जिंगचं भोक धुळीनं बुजतं. झिपच्या पातळ पिशवीत घालून वापर, पडदा पिशवीतूनही चालतो.

उजेडाबद्दल एकच सांगतो. जमीन जवळजवळ पांढरी आहे. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर तिला करडी समजतो आणि फोटो काळवंडतात. दिवसा एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वर ठेव. याच पांढऱ्या जमिनीचा एक मोठा फायदा आहे: उजेड खालून परत उसळतो. भर दुपारी टोपीच्या सावलीतला चेहरासुद्धा नीट दिसतो, एरवी त्यासाठी रिफ्लेक्टर धरणारा माणूस लागला असता.

व्हाइटआउट आला, म्हणजे धुळीनं दहा फुटांपलीकडचं दिसेनासं झालं, की ऑटोफोकस पुढे-मागे धावत बसतो. मॅन्युअलवर जा. फ्लॅश मारू नकोस, समोरची धूळच उजळते आणि फोटोभर पांढरे ठिपके येतात. सायकल थांबव, गॉगल-मास्क लाव आणि उभा राहा. धुळीतून एखादी सायकल, एखादी छत्री हळूहळू उमटते. माझे सगळ्यात आवडते फोटो त्या अर्ध्या तासांतले आहेत.

तिसरी_खिडकी | ७ जुलै, सकाळी ९.१५

रानवाट, माझं मत इथे अनेकांना पटणार नाही. तो फोटो ठेवा आणि दाखवा.

मी वीस वर्षं रस्त्यावरचे फोटो काढतोय. विचारलं की क्षण जातो. माणूस भानावर येतो, चेहरा जुळवतो, आणि तुम्हाला मिळतो तो त्याचा ‘फोटोचा चेहरा’. तुम्ही त्या माणसाला थांबवून परवानगी मागितली असती तर ती बटणं लावणारी बोटं कुणालाच दिसली नसती. चेहरा नाही, नाव नाही, ओळख पटत नाही. दुःख कसं दिसतं हे सांगणारे फोटो कुणी काढलेच नसते तर आपल्याला माणसांबद्दल फार कमी कळलं असतं. तुम्ही टवाळी केली नाहीत, विकलं नाहीत. अपराधी वाटून घेऊ नका.

मनमोर | ७ जुलै, दुपारी १.३०

तिसरी_खिडकी, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण हे मला कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूनं सांगायचंय.

२०१६ मध्ये मी सायकलवरून टेम्पलकडे चालले होते. अंगावर पोहण्याचा पोशाख, केसांत धूळ, आणि मी गात होते. अंगावर काय आहे याची लाज न वाटता मोकळ्या मैदानात फिरायची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. फेब्रुवारीत मैत्रिणीनं एक दुवा पाठवला. एका संकेतस्थळावर माझा फोटो होता, मागून काढलेला, माझ्यासारख्याच वीस-पंचवीस जणींच्या रांगेत. चेहरा नव्हता. पण खांद्यावरचा गोंदलेला मोर माझा होता आणि तो ओळखणारी माणसं ऑफिसात होती. काढून टाका म्हणून तीन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. शेवटी आयोजकांच्या माध्यमं सांभाळणाऱ्या गटाला कळवलं, त्यांनी पाठपुरावा केला आणि मग तो गेला.

त्यानंतर मी आणखी दोनदा गेले. सायकलवर गायले नाही. हे त्या फोटोचं मोल, ते मी भरलं, काढणाऱ्यानं नाही.

आता मी स्वतः खूप फोटो काढते आणि प्रत्येक वेळी विचारते. शब्दांनीच विचारायला हवं असं नाही. कॅमेरा थोडा उचलायचा, भुवया उंचवायच्या, माणूस मान हलवतो किंवा हात आडवा करतो. संगीताच्या गोंगाटात यापलीकडे काही शक्यही नसतं. कपडे कमी असतील, माणूस नशेत वाटत असेल, लहान मूल असेल तर खुणेवर भागवत नाही. शब्दांत विचारते, मुलाच्या बाबतीत आईवडिलांना. नशेतल्या माणसाचा होकार मी होकार धरत नाही.

आणि क्षण जातो म्हणता ना, जातो. पण मग दुसरा येतो. परवानगी मिळाली की मी लगेच क्लिक करत नाही. विचारते, हे शिंगांचं शिरस्त्राण कशाचं केलंय? आणि माणूस बोलायला लागतो. एकानं मला सांगितलं की त्यातली सगळी पिसं कापडाची कापून शिवलीत, कारण खरी पिसं गळून मैदानात पसरतात आणि मागे काहीही ठेवायचं नाही हा तिथला मोठा नियम. सांगताना तो हातानं एकेक पीस दाखवत होता. तो फोटो माझ्याकडे आहे. तिथे ‘फोटोचा चेहरा’ कुठेच नाही.

साक्षांकित | ७ जुलै, दुपारी ४.१०

मनमोर, वाचून वाईट वाटलं. नियमांची बाजू मांडतो, पुष्कळांचा इथे गोंधळ असतो.

ती जमीन अमेरिकेच्या संघसरकारची आहे, भूव्यवस्थापन खात्याच्या परवान्यावर तिथे गाव वसतं. पण आत जाताना तुम्ही तिकिटावरच्या अटी मान्य केलेल्या असतात, आणि त्यात फोटोंचा वेगळा भाग आहे. स्वतःसाठी काढा, मित्रांना दाखवा, हरकत नाही. विकायचे असतील, जाहिरातीत किंवा एखाद्या मालाच्या प्रसिद्धीसाठी वापरायचे असतील तर आधी लेखी परवानगी. व्यावसायिक काम करणाऱ्यांनी आधीच नोंदणी करायची. परवानगीशिवाय ड्रोन नाही.

हे कडक वाटतं, पण त्यामागे इतिहास आहे. २००२ मध्ये तिथल्या बायकांचं उघडं चित्रण करून विकणाऱ्या एका व्हिडिओ कंपनीवर आयोजकांनी दावा लावला होता. उलट बाजूही आहे. २००९ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं याच अटींवर टीका केली की लोकांनी स्वतः काढलेल्या फोटोंचे हक्क आयोजक आपल्याकडे घेतात. २०११ मध्ये अटी बदलल्या गेल्या. मला दोन्ही पक्षांचं म्हणणं रास्त वाटतं.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही: कलाकाराचा हक्क. अमेरिकेत सार्वजनिक जागेतून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काढून विकायला कायद्यानं मोकळीक आहे, शिल्पाला ती नाही. शिल्पाचा हक्क शिल्पकाराकडेच राहतो. म्हणजे प्लायावरच्या पुतळ्याचं कॅलेंडर छापायचं असेल तर आयोजकांबरोबर कलाकाराचीही परवानगी लागते. आणि विकायचं नसेल तरी निदान नाव तरी लिहा. वर्षभर खपून, स्वतःचे पैसे घालून उभं केलेलं काम, आणि खाली ‘वाळवंटातली भारी मूर्ती’ एवढंच. बहुतेक कलाकृतींपाशी नावाची पाटी असते. आधी पाटीचा एक फोटो काढा, म्हणजे घरी आल्यावर शोधाशोध करावी लागत नाही.

रानवाट, तुमच्या फोटोत नियम मोडलेला दिसत नाही. पण तुम्ही नियमाबद्दल विचारतच नव्हता.

रानवाट | ७ जुलै, रात्री ९.३०

नाही, नियमाबद्दल विचारत नव्हतो. बरोबर ओळखलंत.

तिसरी_खिडकी, तुमचं म्हणणं मी सहा-सात वर्षं स्वतःलाच सांगत आलोय, अगदी याच शब्दांत. चेहरा नाही, विकला नाही. तरी कपाट उघडलं की ती प्रिंट मी पालथी करून ठेवतो. मनमोर, तुमचा तो मोर वाचल्यापासून मला शर्टाच्या चौकड्या दिसतायत. त्याच्या घरातलं कुणीही तो शर्ट एका नजरेत ओळखेल. हे माझ्या डोक्यात आजवर आलंच नव्हतं.

काळवीट, धुळीवर इतकं नेमकं कुणी लिहिलेलं वाचलं नव्हतं. कलाकृतींवरही कुणी लिहा ना. मला रात्रीचे फोटो कधीच जमले नाहीत.

दिवेलागण | ८ जुलै, सकाळी ६.५०

रात्रीचं मी सांगते, माझा जीव त्यातच आहे.

आधी २०१५ चं एक उदाहरण. ओडेसाच्या अलेक्झांडर मिलोव यांचं ‘लव्ह’. तारांच्या पिंजऱ्यासारखी दोन मोठी माणसं, एकमेकांकडे पाठ करून बसलेली, माना खाली. आणि प्रत्येकाच्या आत एकेक लहान मूल, ती मुलं मात्र एकमेकांकडे हात करून उभी. दिवसा तारा ठळक दिसतात आणि मुलं फिकी. रात्री मुलं आतून उजळतात आणि मोठी माणसं अंधारात विरतात. मी दुपारी काढला, रात्री काढला, दोन्ही वेळा अर्धंच हाती आलं. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळल्यावर, साडेसातनंतर, तिथेच बसून राहिले. आकाशात निळा उजेड शिल्लक होता आणि मुलं पेटली होती. दोन्ही दिसतं अशी पंधरा-वीस मिनिटंच असतात. तेव्हापासून कुठलीही कलाकृती मी दिवसा बघून ठेवते, ती कुठल्या वेळेची आहे ते ठरवते आणि मग तेवढ्यासाठीच परत जाते.

काही गोष्टी स्थिर फोटोत येतच नाहीत. पीटर हडसन यांचं ‘कॅरन’ २०११ चं, नाव वल्हवणाऱ्या सांगाड्यांचं भलंमोठं चाक. लोक जोर लावून ते फिरवतात, वेग आला की लुकलुकता दिवा सुरू होतो आणि वेगवेगळे सांगाडे डोळ्यांना एकच वाटून वल्हवायला लागतात. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर सांगाड्यांचा गुंता येतो, कमी ठेवलं तर एक थिजलेला सांगाडा किंवा काळोख. व्हिडिओत आडवे पट्टे. मी तासभर धडपडले. मग मागे वळले आणि चाक फिरवणाऱ्यांचे चेहरे दिसले, दिव्याच्या प्रत्येक चमकेबरोबर उजळणारे, दात-ओठ खाऊन ओढणारे आणि त्याच वेळी वर बघून हसणारे. त्या कलाकृतीचा माझ्याकडचा खरा फोटो तो आहे.

मॅन जळतो तेव्हाही हेच करा. आधी आतषबाजी होते, मग एकदम आगीचा गोळा उठतो. तो आतषबाजीहून कितीतरी तेजस्वी असतो, कॅमेरा ऑटोवर असेल तर नुसता पांढरा डाग मिळतो. मॅन्युअलवर शटर १/५००, एफ ५.६, आयएसओ ४०० ते ८०० पासून सुरुवात करा. गोळा उठण्याआधी फोटो काळे येतील, येऊ द्या. दहा-बारा फ्रेम झाल्या की पाठ फिरवा आणि गर्दीकडे बघा. हजारो चेहऱ्यांवर एकाच दिशेनं नारिंगी उजेड पडलेला असतो. सगळ्यांच्या माना वर, कुणाला कॅमेऱ्याचं भान नसतं. मी समोरच्या दोन-तीन जणांना आधीच विचारून ठेवते की थोड्या वेळानं वळून तुमचा काढू का. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

एलईडी लावलेल्या कामांवर शटर फार वेगात नको, पट्टे येतात. १/६० च्या आसपास बघा. तिपाईच्या तिन्ही पायांना दिवे गुंडाळा आणि स्वतःलाही. तिथे अंधारात बिनदिव्याचं फिरणाऱ्याला डार्कवॅड म्हणतात आणि सायकली खरोखरच येऊन धडकतात.

आणि आकार कळण्यासाठी माणूस हवा. मार्को कॉक्रन यांची ‘ट्रुथ इज ब्यूटी’ ही २०१३ ची मूर्ती ५५ फुटांची आहे. रिकाम्या सपाटीवर ती पाच फुटांचीही वाटू शकते. तिच्या पावलाशी टेकवलेली एक सायकल आली की बघणाऱ्याचा श्वास अडकतो.

चिखलवाट | ८ जुलै, सकाळी १०.००

मी फक्त २०२३ ला गेलोय, म्हणजे पावसाच्या वर्षी. शुक्रवारी पाऊस लागला आणि प्लायाचा चिखल झाला, बुटाला इतका चिकटतो की चार पावलांत प्रत्येक पाय दोन किलोंचा. सायकल चालत नाही. रस्ते बंद, सत्तरेक हजार माणसं अडकलेली, अन्नपाणी जपून वापरा असा निरोप. मॅन शनिवारऐवजी सोमवारी रात्री जळला.

बातम्यांत हाल दिसले. माझ्या कार्डात वेगळं आहे: शेजारच्या कॅम्पातली आजी सगळ्यांच्या मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून देतेय, असे सतरा फोटो. पहिल्या फोटोत तिनं माझ्याकडे बघून बोट हलवलं. आधी ये, गाठी मार, मग काढ. मी दोन तास गाठी मारल्या. उरलेले सोळा नंतरचे.

अबोली | ८ जुलै, रात्री ११.४५

मी इथे फक्त वाचते, क्वचितच लिहिते. दोन दिवस विचार करून लिहितेय.

२०२२ च्या टेम्पलमध्ये मी आईसाठी गेले होते. तिचे फोटो खूप होते, पण न्यावासा वाटला नाही. मी तिच्या अक्षरातली किराणा सामानाची यादी नेली. तिच्या पर्सच्या कप्प्यात सापडली होती, अर्ध्या ओळी खोडलेल्या. एका फळीच्या फटीत ती घडी घालून सरकवली आणि परत बाहेर काढली. परत सरकवली. मला सोडवेना. असं किती वेळ चाललं मला माहीत नाही.

समोर एक मुलगा उभा होता, हातात मोठा कॅमेरा. आमची नजरानजर झाली. त्यानं कॅमेरा मातीत ठेवला. खाली, त्या पिठासारख्या धुळीत, काळवीट यांनी वर जी सांगितली त्याच धुळीत. आणि मांडी घालून बसला. बोलला काहीच नाही.

शेवटी यादी आत राहिली. मी उठले, दहा पावलं गेले आणि मला वाटलं की तिचं अक्षर मला परत कधी बघायला मिळणार नाही. मी मागे फिरले आणि त्या मुलाला म्हटलं, एक फोटो काढशील? माझा नको, कागदाचा. त्यानं फुग्यानं लेन्सवरची धूळ उडवली, दोन काढले, पडद्यावर मला दाखवले, आणि माझा पत्ता लिहून घेतला. ऑक्टोबरात पाकीट आलं. त्यात शेवटची ओळ वाचता येते, ‘जिरे, पाव किलो’.

त्या क्षणी त्यानं मला न विचारता माझा काढला असता तर तो तिसरी_खिडकी म्हणतात तसा फार चांगला फोटो झाला असता, याबद्दल मला शंका नाही. पण मग मी यादी घाईघाईनं कोंबून निघून गेले असते.

रानवाट, तुमचा त्या माणसाबद्दलचा मजकूर मी तीनदा वाचला. तुम्ही त्याला नीट पाहिलंत. त्या शर्टाची बटणं खालपासून वर लावली गेली हे जगात त्याच्याशिवाय तुम्हालाच माहीत आहे. पुसून टाका असं मी म्हणणार नाही. पण कपाट ही त्याची जागा नाही. ती प्रिंट टेम्पलमध्ये पोचवा. रविवारी जळेल, शर्टासारखीच.

तिसरी_खिडकी | ९ जुलै, सकाळी ८.०५

अबोलीताई, माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. रस्त्यावर मी विचारणार नाही. पण ‘मग मी निघून गेले असते’ हे वाक्य मला माहीत नव्हतं. फोटो काढणाऱ्याला ते कधी कळतच नाही, कारण माणूस निघून गेलेला असतो. रानवाट, दाखवा म्हणालो होतो, ते मागे घेतो.

रानवाट | ९ जुलै, रात्री १०.१०

अबोली, यावर काय लिहू?

मी यंदा जात नाही, गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे. नवखा, तू जातोयस. एक पाकीट नेशील? प्रिंट ५ बाय ७ ची आहे, सामानात कळणारही नाही. डिस्कवरच्या तिन्ही फाइली आज संध्याकाळी काढून टाकल्या, बॅकअपमधूनही. आता फक्त कागद उरलाय.

नवखा_वाटाड्या | ९ जुलै, रात्री १०.३०

नेतो दादा. पत्ता निरोपात पाठवतो. पाकीट उघडणार नाही.

पण ठेवायचं कसं? पाकिटासकट? फ्रेम करून? तिथे खिळे-टाचण्या चालतात का?

अबोली | ९ जुलै, रात्री ११.२०

फ्रेम नको, काच नको, लॅमिनेशनही नको. जे जळणार नाही ते नंतर कुणालातरी राखेतून वेचावं लागतं. टाचणीही नको, फळ्यांमध्ये फट असते, तिच्यात सरकव. रविवारी जाळण्याच्या तयारीसाठी आत सोडणं बंद करतात, तेव्हा शुक्रवारपर्यंत जाऊन ये. पहाटे गेलास तर गर्दी कमी असते.

पाकिटातून काढून ठेव. चित्र आतल्या बाजूला.